साक्षीदार बाईचा डावा हात

माझे केस त्याच्या मुठीत होते. मान मागं ओढलेली. डोळ्यांसमोर हॉलचा पंखा आणि त्याच्या पात्यांवरची जळमटं. आणि समोर खुर्च्यांवर बसलेले वकील खाली माना घालून वहीत लिहून घेत होते.

"घट्ट धर रे," सर म्हणाले. "फिर्यादीत 'केसांना धरून' असं आहे. तू काय आशीर्वाद देतोयस तिला?"

हशा पिकला. तुषारनं मूठ आवळली. माझ्या डोक्याची कातडी ताणली, डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते. केस ओढले की येतं तसलं पाणी. पण पुढच्या रांगेतली एक जण शेजारणीच्या कानात म्हणाली, "बघ, किती नॅचरल करते ना."

नॅचरल. हा शब्द मी त्या वर्गात पहिल्या रविवारपासून ऐकत होते.

वर्ग वकिलांचा होता. नव्या सनदा मिळालेली आम्ही पोरंपोरी. पदवी हातात आली, परीक्षा झाली, काळा कोट शिवला, म्हणून वकिली येते असं नाही. कोर्टात उभं कसं राहायचं, साक्षीदाराला कसं विचारायचं, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. म्हणून सरांनी हा कोर्स काढलेला. सीबीएस बसस्टँडच्या जवळ एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर हॉल. दर रविवारी सकाळी. विषय एकच, उलटतपासणी. म्हणजे समोरच्या बाजूचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला असे प्रश्न विचारायचे की तो खोटा ठरला पाहिजे. नाशिकमध्ये हे काम सरांसारखं कुणाला जमत नाही, असं सगळेच म्हणतात. कोर्सच्या शेवटी सर एकाला आपल्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून घेणार होते. त्या एका जागेसाठी सगळे जीव टाकत होते.

दर रविवारी खोटा खटला चालायचा. कुणी जज, कुणी सरकारी वकील, कुणी आरोपीचा वकील. हे दर आठवड्याला बदलायचं. साक्षीदार मात्र बदलायचा नाही. साक्षीदार मी.

मोलकरीण मी. शेतमजूर मी. नवऱ्यानं टाकलेली मी. चोरीच्या केसमधली भांडीवाली मी. एका रविवारी तर मी मयताची बायको होते आणि मला सांगितलं, "जरा ऊर बडव." मी नाही बडवला. सर म्हणाले, "अगं, तुमच्याकडे बडवतात ना?"

एकदा मी सरळ जाऊन विचारलं.

"सर, या वेळी उलटतपास मी घेऊ का?"

सरांनी चष्मा कपाळावर नेला. "घे की. पण आधी ती भाषा सोड. हाय-नाय करणाऱ्या वकिलाचं कोर्ट ऐकत नाही. साक्षीदाराचं ऐकतं. तुझा चेहरा, तुझं बोलणं, देवानं तुला साक्षीदार म्हणूनच घडवलंय. त्याचा फायदा घे."

सगळे हसले. मीही हसले. हसले, कारण मला तिथून बाहेर पडायचं नव्हतं. मला त्या माणसाकडूनच शिकायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून नाही.

त्याचं कारण वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनाही नाही. आता सांगते.

आम्ही पेठकडचे. कोकणा आदिवासी. तिकडं पाऊस सरला की काम सरतं, मग माणसं द्राक्षाकडे उतरतात. आई-बाप दिंडोरीच्या बाजूला एका बागेत कामाला होते आणि पुढं तिथंच राहिले. मी सातवीत होते. बागेत विरळणी चालू होती, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. दिवसभर हात वर. बायका ओळीत उभ्या, आणि मालकाचा मुलगा शेजारच्या ओळीतून औषध मारत आला. बायका खोकायला लागल्या. एकीला उलटी झाली. आईनं कात्री खाली टाकली आणि सगळ्यांना घेऊन ओळीतून बाहेर आली. बस्स, एवढंच.

"कोणाला विचारून बाहेर आली गं?" तो म्हणाला.

आई म्हणाली, "कामाला आलो आम्ही. मरायला नाय."

त्यानं तिचे केस धरले. सगळ्यांसमोर. आमच्या जातीच्या नावानं तिला काय काय म्हणाला ते मी इथं लिहीत नाही, त्याच्या तोंडची घाण मी माझ्या हातानं कशाला वाहू? फवारणीचा लोखंडी पाइप होता हातात. तोच घातला तिच्या कानशिलावर. डाव्या. एकदा नाही. ती पडली तरी घातला. मी बांधावर होते, शाळेतून आलेली, दप्तर पाठीला. रक्त तिच्या मानेवरून पोलक्यात गेलेलं मी बघितलं. त्या दिवसापासून आईच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही.

केस झाली. अॅट्रॉसिटीची. बाप घाबरला, म्हणाला, "मिटव, आपल्याला इथंच राहायचंय." आईनं मिटवलं नाही. नाशिकच्या कोर्टात साक्षीला उभी राहिली. मी मागच्या बाकड्यावर बसले होते.

आरोपीचा वकील उठला. पातळ शरीर, मऊ आवाज. आई म्हणाली होती, वकील ओरडतील, घाबरायचं नाही. हा ओरडलाच नाही.

"बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "तुम्ही फक्त मला एकदा दाखवा. त्यानं कुठल्या हातानं मारलं?"

आईनं हात वर केला. डावा.

"नक्की ना बाई? परत दाखवा."

आईनं परत डावा हात वर केला. कानशिलापाशी नेला.

त्यानं जजसाहेबांना वाकून सांगितलं, साक्षीदारानं डावा हात दाखवला अशी नोंद घ्यावी. आणि बसला. खल्लास. फिर्यादीत उजवा हात लिहिला होता. सरकारी वकील उठला नाही, काही विचारलं नाही, पेन चावत बसला. मालकाचा मुलगा निर्दोष सुटला. त्या संध्याकाळी दिंडोरीत फटाके वाजले, आमच्या पत्र्यावर येऊन पडले.

तेव्हापासून घरात आणि वस्तीत एकच बोलणं. "हिला धड डावं-उजवं सांगता आलं नाही." बाप दारू न पिता म्हणायचा आणि पिऊनही म्हणायचा. ज्या बायकांना तिनं ओळीतून बाहेर काढलं त्यासुद्धा म्हणायच्या. आई गप बसायची. शेवटी ती कोर्टाचा विषय निघाला की उठून भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच.

तो मऊ आवाजाचा वकील म्हणजे सर.

मी वकील झाले ते त्या एका प्रश्नासाठी. ज्यानं माझ्या आईला एका वाक्यात मोडलं, त्याच्याकडून ते वाक्य शिकायचं आणि असल्या मालकांच्याच पोरांवर वापरायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून नॅचरल म्हणवून घेतलं. म्हणून हसले. म्हणून त्या रविवारी तुषारच्या मुठीत केस दिले.

त्या रविवारी सर आल्या आल्याच म्हणाले, "आज माझी एक जुनी केस करू. दिंडोरीची. एका प्रश्नात संपवली होती मी."

मला वाटलं, ओळखलं यांनी. ओळखलं बिळखलं काही नव्हतं. मजूर बाईची केस आणि मजूर बाई करायला मी आयती, एवढंच. वर्गाच्या कोपऱ्यात नळाच्या कामातला उरलेला प्लास्टिकचा पाइप पडला होता. सरांनी तो तुषारला दिला.

तुषार वाईट पोरगा नव्हता. बापाची निफाडकडे बाग, मामा वकील, कोट चांगल्या शिंप्याकडून शिवलेला. माझ्यासमोर उभा राहिला, डाव्या हातात माझे केस, उजव्या हातात पाइप, आणि हळूच म्हणाला, "सॉरी हं."

"सॉरी काय? मार," सर म्हणाले.

त्यानं हळू मारला. हसले सगळे. "अरे, जेवला नाहीस का?" कुणीतरी ओरडलं. त्यानं परत मारला. हसण्याच्या भरात जोर जास्त झाला. पाइपाचं टोक कापलेलं, धारेचं होतं. माझ्या डाव्या कानाच्या वर बसलं. कानात कुईं असा आवाज झाला आणि मग काहीतरी गरम गळ्याकडे उतरायला लागलं.

"अरे हळू," सर म्हणाले. तुषारकडे बघून. माझ्याकडे नाही. "चालू ठेवा. साक्षीदार पिंजऱ्यात आली."

रक्त येतंय हे पहिल्या दोन रांगांना दिसत होतं. मी शपथेवर सांगते, दिसत होतं. एकही जण उठला नाही. एका पोरीनं पर्समधून टिश्यू काढला, हातातच धरून ठेवला आणि पुढं लिहायला लागली.

सर माझ्यासमोर आले. पातळ शरीर, मऊ आवाज.

"बाई, घाबरू नका. तुम्ही फक्त मला एकदा दाखवा. त्यानं कुठल्या हातानं मारलं?"

तेच शब्द. एक शब्द इकडचा तिकडं नाही. इतकी वर्षं त्यानं ते जपून ठेवले होते.

आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही. गेला. डावा.

"बघा!" सरांनी टाळी वाजवली. "हिला कायदा येतो, केस काय आहे ते माहितीय, तरी डावा! नोंद घ्या. फिर्यादीत उजवा, कोर्टात डावा. वर जखम डाव्या बाजूला. डाव्या हातानं मारलं तर जखम उजवीकडं हवी. संपली केस. ही माणसं खोटं बोलायला लागली ना, की त्यांचा हातच त्यांना पकडून देतो. एका प्रश्नात बाई आडवी केली मी!"

वर्ग खदाखदा हसला.

माझा हात अजून वरच होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग तुषारकडे बघितलं. तो समोर, पाइप त्याच्या उजव्या हातात. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला. पाइप माझ्या डावीकडून आला, माझ्या डाव्या कानावर बसला, आणि दाखव म्हटल्यावर माझ्या अंगानं ज्या बाजूनं आला त्या बाजूचा हात उचलला. समोरच्या माणसाचा उजवा हात मार खाणाऱ्याला आपल्या डावीकडेच दिसतो. दुसरीकडे दिसणारच नाही. ज्यानं कधी समोरून मार खाल्ला नाही त्यालाच हे कळणार नाही. किंवा ज्याला कळतं आणि जो त्यावरच पोट भरतो, त्याला.

आई खोटं बोलली नव्हती. आई चुकलीसुद्धा नव्हती. तिनं मारणाऱ्याचा हात दाखवला होता आणि या हरामखोरानं तिचा स्वतःचा हात नोंदवून घेतला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी केसचे कागद वाचले होते, पाठ होते मला, तरी डोक्यात आलं नव्हतं. कानशिलावर बसल्यावर आलं.

मी तुषारच्या हातातला पाइप ओढला. त्यानं सोडून दिला. मी टेबलाकडे गेले. सर टेबलामागच्या खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास उचलत होते.

"बस खाली," ते म्हणाले. "झालं तुझं काम."

"सर, एक प्रश्न राहिला. घाबरू नका."

आणि मी पाइप उचलून घातला. उजव्या हातानं, सगळ्या अंगाचा जोर लावून. त्यांच्या डाव्या हाताशेजारी टेबलावर. काच फुटली. ग्लास उडून भिंतीवर गेला. स्टीलचा जग घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत. कुणीतरी किंचाळलं. सर खुर्चीत आक्रसून बसले होते, डोळे मिटलेले, खांदे वर, आणि एक हात कानाशी नेलेला.

डावा.

"सर," मी म्हणाले, "मी कुठल्या हातानं मारत होते? दाखवा."

त्यांनी डोळे उघडले. कानाशी नेलेल्या हाताकडे बघितलं आणि झटकन खाली घेतला. पण सगळ्यांनी बघितलं होतं. तुषारनं बघितलं. टिश्यूवालीनं बघितलं.

"दाखवलाच आहे तुम्ही. नोंद घ्या रे," मी वर्गाकडे वळून ओरडले. "लिहा ना! आत्ता का थांबले पेन? लिहा, साक्षीदारानं डावा हात दाखवला. मारणारीच्या उजव्या हातात पाइप असताना डावा दाखवला. म्हणजे हा खोटारडा ना? आडवा झाला ना हा?"

कुणी लिहिलं नाही.

"दिंडोरीची ती बाई माझी आई आहे."

खरं सांगते, त्या क्षणी मला दुसरा घाव टेबलावर घालायचा नव्हता. त्याच्या कानावर घालायचा होता. आईच्या कानाबदली कान. हात शिवशिवत होता माझा. नाही घातला, तो दयेनं नाही. घातला असता तर त्यांना हवं ते मिळालं असतं, पुढच्या रविवारी त्यांनी माझीच केस वर्गात शिकवली असती. म्हणून पाइप खाली टाकला.

सर उभे राहिले. कोटावरचं पाणी झटकलं. आवाज परत मऊ झाला होता.

"शेवटी जंगलातून आलेलं जंगलीच," ते म्हणाले. "तुझी सनद गेली समज."

मी जिना उतरले. सीबीएसवर नळाखाली कान धुतला. दिंडोरीची एसटी लागलेलीच होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "नवऱ्यानं मारलं का गं?" मी म्हटलं, नाही, वकिलांनी. तिनं पदर सावरला आणि खिडकीकडे बघत बसली.

आई दारात तांदूळ निवडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले, तिकडूनच ऐकू येतं तिला. सगळं सांगितलं. हाताचं सांगितलं. उठून उभी राहिले, तिच्यासमोर, उजवा हात उचलून दाखवला की बघ आई, असा आला ना तो, तुझ्या डावीकडून? मला वाटलं, ती रडेल. वाटलं, मला जवळ घेईल.

तिनं सूप खाली आपटलं.

"मग मी काय दाखवलं व्हतं? त्याचाच हात दाखवला ना मी? माझा कशाला दाखवू? माझ्या हातानं मारलं व्हतं का मला?"

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"इचारलं कोणी?" आई म्हणाली. "तू तरी कधी इचारलं? वकील झाली, कागद वाचले म्हणे. मी घरातच व्हते ना?"

तिनं सांडलेले तांदूळ एकेक करून परत सुपात भरले. माझ्या कानाला हळद लावली, जोरात, दुखेल अशी.

आईची केस आता उघडत नाही. मुदती गेल्या. मालकाचा मुलगा आता स्वतः मालक आहे, चौकातल्या बॅनरवर हात जोडून हसतो. त्याचं कुणी काही वाकडं करू शकणार नाही, मीही नाही. हे मला ठाऊक आहे आणि ते घशाखाली उतरत नाही.

सरांनी माझ्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार केली. वरिष्ठ वकिलावर हल्ला. साक्षीदार म्हणून वर्गातल्या पुष्कळ जणांनी सह्या दिल्या, टिश्यूवालीनंही. माझ्या कानावरच्या जखमेबद्दल त्यात ओळ नाही. तुषारनं सही केली की नाही, ठाऊक नाही. त्याचा फोन आला होता. "माफी लिहून दे ना. सर मोठ्या मनाचे आहेत, सोडून देतील. सनद गेली तर काय करशील?"

बापही तेच म्हणाला. "मिटव."

आई चुलीपुढे होती. वळलीसुद्धा नाही. "माफी मागायची असंल तर पेठला जाऊन राहा," ती म्हणाली. "माझ्या घरात नाय."

चौकशीची तारीख लागली आहे. सनद जाईलही. गेली तर दिंडोरीच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसेन आणि साक्षीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला पिंजऱ्यात चढायच्या आधी एवढंच सांगेन, की हात दाखव म्हटलं तर आधी विचार, कोणाचा? राहिली, तर हेच आत उभं राहून जजला सांगेन. नोंद करून घेईन. हाय-नाय करतच घेईन.

आणि चौकशीत मला विचारतीलच. मऊ आवाजात विचारतील, घाबरू नका म्हणतील. पाइप कुठल्या हातात होता, दाखवा.

मी उजवा हात वर करणार आहे. सरळ, पूर्ण वर, शेवटच्या बाकड्यावरून दिसेल असा. शेवटच्या बाकड्यावर आई बसलेली असेल.

माफी मागणार नाही.